विंचरलेली मुळं

निवाड्याला तोंड नव्हतं, त्यामुळे त्याच्याशी भांडायची सोय नव्हती. चार वर्षांपूर्वी, २०३७ साली, सरकारने राज्यातली सगळी धरणं आणि तळी या संगणकयंत्रणेच्या हवाली केली, तेव्हा लोकांना वाटलं होतं, बरं झालं, साहेबांच्या मागेमागे फिरणं संपलं. संपलंच. पण साहेबाला निदान चहा पाजता येत होता, त्याच्यापुढे रडता येत होतं. निवाडा नुसता संदेश पाठवी. सव्वीस सप्टेंबरला सकाळी तृप्ती पतुलेच्या फोनवर आलेला संदेश असा होता:

‘कानडगाव जलाशय, पूर्व फाटा. जलपर्णीचे आच्छादन ७१ टक्के. भुंगा-प्रयोगाची अंतिम तपासणी १४ ऑक्टोबर. अनुत्तीर्ण ठरल्यास १५ ऑक्टोबरपासून फवारणी.’

तृप्तीने तो धक्क्यावर उभं राहूनच वाचला. समोर पाणी होतं असं म्हणायचं, दिसत होतं ते हिरवं रान. गुडघाभर उंचीची, फुगीर देठांची जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत माजली होती. फवारणीने ती आठ दिवसांत मेली असती, यात शंका नव्हती. पण मेलेली जलपर्णी पाण्यातच कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मग मासे पोट वर करून तरंगू लागतात. शिवाय औषधाचा अंश गाळात उतरतो, म्हणून फवारलेल्या तळ्यात तीन वर्षं मासेमारी बंद, असा निवाड्याचाच नियम होता. काठावर भोई लोकांची एकशेचाळीस घरं होती. पाण्याशिवाय त्यांना दुसरं शेत नव्हतं. तृप्ती त्याच वस्तीतली. पुण्याच्या संस्थेत कीटकशास्त्र शिकून ती भुंगे घेऊन परत आली होती, आणि हा प्रयोग तिचा होता.

‘‘काय म्हंतंय तुजं यंत्र?’’ पाण्यातून छबूबाईने विचारलं. ती तृप्तीची आई. अठ्ठावन्न वर्षांची, कमरेएवढ्या पाण्यात उभी, पदर खोचलेला, डोक्यावर टोपली.

‘‘अठरा दिवस दिलेत.’’

‘‘मग र्‍हातील की तुजे भुंगे उभे. आमचा पहारा हाय त्यांच्यावर.’’ असं म्हणून तिने जलपर्णीचं एक रोप उचललं, त्याच्या काळ्या लोंबत्या मुळांतून सायकलच्या तारांची फणी सर्रकन फिरवली, टोपलीत उड्या मारणारे झिंगे पाहिले आणि रोप परत पाण्यात सोडलं.

ही फणी छबूबाईची स्वतःची करामत होती. जलपर्णीच्या मुळांत बारीक झिंगे लपतात. पूर्वी बायका मुळं टोपलीवर झटकत, त्यात निम्मे झिंगे निसटत. दोन वर्षांपूर्वी छबूबाईने जुन्या सायकलीच्या तारा लाकडी पट्टीत ठोकून फणी केली आणि वस्तीतल्या साठेक बायका पोरीबाळींचे केस विंचरावेत तशी मुळं विंचरू लागल्या. तृप्तीला आईचा इतका अभिमान वाटला होता, की तिने त्या फणीचा फोटो काढून पुण्याच्या परिषदेत मोठ्या पडद्यावर दाखवला होता. टाळ्याही पडल्या होत्या.

भुंगा म्हणाल तर दिसायला अगदीच फाटका. पाच मिलिमीटर लांब, राखाडी, पुढे सोंडेसारखं वाकडं तोंड. पण एकवचनी. जलपर्णीशिवाय तो दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, उपाशी मरेल पण भाताकडे बघणार नाही. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आली तिथलाच हाही. मादी देठात अंडी घालते. अंड्यातून बिनपायाची पांढरी अळी निघते, डोकं तेवढं नारिंगी. ती देठ आतून पोखरत खाली खाली जाते, तीनदा कात टाकते आणि रोपाच्या गाभ्यापाशी पोहोचते. मग ती कोशात जाते, आणि कोशातून पुन्हा भुंगा. पोखरलेल्या देठांत पाणी शिरतं, रोप जड होतं आणि स्वतःच्याच वजनाने बुडतं. हळूहळू बुडतं, म्हणून पाणी नासत नाही.

अडचण होती ती वेळेची. हे सगळं चक्र पुरं व्हायला भुंग्याला तीन-चार महिने लागत, आणि तेवढ्यात जलपर्णी कित्येक पटींनी वाढून बसे. पुण्याच्या संस्थेने भुंग्याच्या शरीरातलं घड्याळ चालवणारं जनुक हुडकलं, त्यात नेमका बदल केला आणि चक्र चाळीस दिवसांवर आणलं. अंडं चार दिवस, अळी अठरा, कोश चौदा, बाकी चार दिवस नव्या भुंग्याचं अंग टणक व्हायला. प्रयोगशाळेत या शीघ्र भुंग्याने जलपर्णीच्या टाक्यांमागून टाक्या फस्त केल्या.

तळ्यात मात्र तो दोन वर्षं मार खात होता. निवाड्याचा नियम सरळ होता. तपासणीच्या दिवशी यंत्र स्वतःच वीस जागा निवडणार. त्यांतल्या बारा जागी अंडी, अळी, कोश आणि भुंगा अशा चारही अवस्था सापडल्या, तर भुंगा इथे रुजला असं मानायचं. तृप्तीच्या तक्त्यात अंडी भरपूर होती, अळ्या भरपूर होत्या, सोडलेले भुंगे होते. कोशाचा रकाना दोन वर्षं कोरा होता.

‘‘जनुकातला बदल बाहेर टिकत नाहीये, तृप्ती,’’ डॉ. हेरवाडकर पडद्यावरून म्हणाल्या. त्या तिच्या वरिष्ठ, शीघ्र भुंग्याच्या जन्मदात्या, आणि हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला होता. ‘‘अळी घाईने वाढते, पण कोश करायच्या आत मरते. माझंच घड्याळ चुकलं. मी तसं कळवून टाकते.’’

‘‘मॅडम, मेलेली अळी तरी कुठे सापडलीय? शेकड्यांनी अळ्या गाभ्यापर्यंत येतात आणि पुढे गायब होतात.’’

‘‘मासे खात असतील.’’

‘‘सगळ्या?’’

‘‘हरलं की हरलं म्हणायला शिकावं गं. पुण्याला ये, दुसरं काम देते.’’

‘‘अठरा दिवस आहेत, मॅडम. अठराव्या दिवशी म्हणेन,’’ तृप्ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. आपण फार उद्धटपणे बोललो हे तिला नंतर जाणवलं, पण माफी मागायलाही वेळ नव्हता.

दुपारभर ती ड्रोनने काढलेले नकाशे चाळत बसली. हिरवं, हिरवं, सगळं हिरवं. फक्त उत्तरेच्या वळणात अर्ध्या भाकरीच्या आकाराचा एक तपकिरी डाग होता. निवाड्याने त्यावर नोंद केली होती: ‘उथळ काठावरील सुकवण. दुर्लक्ष करावे.’ पुण्याला बसलेल्या कुणालाही ती नोंद पटली असती. तृप्ती त्या काठावर वाढली होती. तिने डागाकडे पाहिलं आणि ती ताडकन उठली. ती जागा उथळ कसली? धरणात बुडालेलं जुनं गाव तिथे होतं, आणि चाळीस फूट खाली देवीचं देऊळ.

त्या जागेला वस्ती ‘देवीचं पाणी’ म्हणे. धरण भरलं तेव्हा मूर्ती हलवली, देऊळ राहिलं. तेव्हापासून त्या पाण्यात कुणी भोई जाळं टाकत नाही, गळ टाकत नाही. देवीच्या डोक्यावर जाळं कसं टाकायचं? तृप्तीनेही तिथे नमुन्याची जागा धरली नव्हती. विज्ञान शिकलेली असली तरी ती छबूबाईची मुलगी होती.

‘‘तिथं कशापायी?’’ होडीत बसल्या बसल्या छबूबाई कुरकुरली.

‘‘आई, मी काही पकडणार नाही. फक्त हात घालून बघणार.’’

‘‘फणी आणू का?’’

‘‘नको.’’

‘‘आणायची बी न्हाय. देवीच्या पाण्यात फणी चालायची न्हाय.’’ पोहोचल्यावर छबूबाईने हात जोडले, पोरीची चूकभूल पोटात घाल म्हणून देवीला सांगितलं, आणि मगच मान हलवली.

इथली जलपर्णी आजारलेली होती. देठ तपकिरी, बोटाने दाबले तर पचकन पाणी येई. कित्येक रोपं अर्धी बुडाली होती. तृप्तीने एक रोप दोन्ही हातांनी अलगद वर उचललं, आणि तिला दिसलं, की मुळांना गाठी आहेत. मिरीच्या दाण्याएवढ्या, काळपट, गोल गोल. एका रोपाला तिने चाळीस मोजल्या आणि पुढे मोजणं सोडून दिलं.

तिने एक गाठ मुळासकट कापली, बशीत घेतली आणि भिंगाखाली सुईने उकलली. मुळांचेच बारीक केस गुंडाळून, चिकटवून केलेली ती डबी होती. आत पाय पोटाशी घेऊन, सोंड छातीवर दुमडून, दुधासारखा पांढरा कोश पडला होता. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके नुकते उमटले होते.

‘‘मुळावर!’’ ती ओरडलीच. ‘‘आई, हा पाण्याखाली कोश करतो! मुळावर!’’

मग तिला भराभर सगळं उमगत गेलं. इथे भुंगे कुणी सोडले नव्हते, ते वाऱ्याने लोटलेल्या रोपांवर बसून आपणच आले होते. जलपर्णी पानांतून हवा घेते आणि बारीक पोकळ्यांतून ती थेट मुळापर्यंत पोहोचवते. कोशातला जीव पाण्याखाली श्वास घेणार कसा? तर अळी आधी मुळाला चावा घेऊन खाच पाडते, डबी त्या खाचेवरच बांधते, आणि झाडाची हवा स्वतःकडे वळवून घेते. झाडाला मारायला निघालेला किडा चौदा दिवस झाडाच्याच श्वासावर जगतो. मूळ तुटलं, की कोश मेला. हे काही तिने शोधून काढलेलं नव्हतं. मूळ जातीच्या भुंग्याबद्दल जुन्या माहितीपत्रकांत दोन ओळी होत्या, तिने त्या परीक्षेपुरत्या पाठही केल्या होत्या. पण प्रयोगशाळेत टाक्यांतल्या अळ्या गाभ्यापाशी आल्या, की काढून काचेच्या नळीत कापसावर ठेवत. तिथला कोश उघडा, स्वच्छ, पांढरा दिसे. सगळे तोच ओळखत, निवाड्यालाही तोच शिकवलेला. अशी गाठ यंत्राने पाहिलीच असती, तर कचरा म्हणून सोडून दिली असती.

‘‘पण मग माझ्या जागांवर का नाहीत?’’ ती स्वतःशीच म्हणाली. ‘‘मी तिथली मुळंही पाहिलीत. गुळगुळीत होती.’’

छबूबाईने वल्हं खाली ठेवलं. ती बशीकडे बघत होती. तिचा चेहरा असा तृप्तीने एकदाच पाहिला होता, वडील गेले त्या दिवशी.

‘‘ह्या गाठी तुज्या हायेत व्हय?’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे?’’

‘‘ह्या आमी दोन वर्सं काढून टाकतोय, तृप्ते. फणीनं. कोंबड्यांना घालतोय.’’

होडी जागच्या जागी डुलत राहिली.

‘‘जितं तुजे भुंगे सोडलेस, तितंच ह्या गाठी याया लागल्या. आदी कवा नव्हत्या. म्या म्हनलं, तुज्या भुंग्यांना खायाला कसला तरी किडा आलाय, त्याची अंडी असतील. म्हनून तर फणी केली. झिंगं काय, झटकूनबी गावत व्हतं. साऱ्या बायकांना सांगितलं, माज्या पोरीचं काम हाय, तिच्या जागा आदी साफ करा. येक गाठ ठिवू नका.’’

तृप्तीला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला, की हातातली बशी तिने पाण्यात फेकून दिली. ‘‘मला विचारायचं नाही? एकदा तरी? दोन वर्षं, आई! मॅडम म्हणतायत त्यांचं जनुक चुकलं. मी रात्रंदिवस डोकं फोडतेय, आणि तू कोंबड्यांना...’’

‘‘तू भिंतीवर तक्ता लावलास न्हवं? भुंग्याची चार रूपं. त्यात ही गाठ हाय का, सांग. असती तर म्या हात लावला असता?’’

‘‘ती प्रयोगशाळेतली चित्रं होती.’’

‘‘मग तळ्यातली का न्हाय काढलीस? दोन वर्सं तुजं समदं ध्यान पानावर. मुळं कवा बघितलीस? आमी साफ केल्यावर.’’

हे खरं होतं. आईची फणी तिने डोळ्यांनी पाहिली होती, तिचा फोटो काढला होता, त्यावर टाळ्या घेतल्या होत्या. त्या फणीच्या दातांत काय अडकलंय, हे वाकून बघितलं नव्हतं. दोघी परत निघाल्या. छबूबाई पाठमोरी बसून वल्हं मारत राहिली आणि तिचे खांदे हलत होते, ते वल्ह्यानेच हलत होते असं म्हणता येत नव्हतं.

घरी आल्यावर तृप्ती कामाला लागली. आता वेळ घालवून चालणार नव्हतं. कोश निवाड्याला शिकवायचा, तर त्याचं रीतसर वर्णन दाखल करावं लागणार होतं. तिने ते लिहिलं: गाठीचा व्यास सहा मिलिमीटर, मुळाला कशी चिकटते, अळीच्या डोक्यावर केस किती आणि कुठे, तिन्ही वयांच्या अळ्यांच्या डोक्यांची मापं, प्रयोगशाळेतल्या नोंदींवरून कोशाचा रंग कोणत्या दिवशी कसा बदलतो. अळ्यांचे दोन वर्षांत काढलेले आणि गाठींचे त्या दुपारी देवीच्या पाण्यात काढलेले, असे चारशे फोटो जोडले. हेरवाडकर मॅडमना पाठवलं, तर त्यांचा पाचव्या मिनिटाला फोन. त्या नुसत्या ‘अगं, अगं’ करत होत्या.

अर्जात शेवटी एक प्रश्न होता: ‘ही अवस्था यापूर्वी न आढळण्याचे कारण. संबंधित व्यक्तींची नावे.’ तिथे तृप्तीचा हात थांबला. प्रयोगात ढवळाढवळ करणाऱ्याच्या नावावरचा परवाना एक वर्ष बंद होतो, हे तिला पाठ होतं.

‘‘का थांबलीस?’’ छबूबाईने चुलीपासून विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पोरीचं थांबणं कळत होतं.

तृप्तीने प्रश्न वाचून दाखवला. ‘‘मी लिहिते, कारण माहीत नाही.’’

‘‘आन् मग यंत्र म्हनंल, अठरा दिसांत ह्या गाठी आबाळातनं पडल्या का? पटंल त्याला?’’

पटलं नसतं. 

‘‘फणी कुनी केली? म्या केली. मंग माजं नाव लिही. साऱ्या बायकांचं नको, त्यांनी माजं ऐकलं. आन् नीट लिही, छबूबाई शिरपती पतुले. उगं छबू म्हनून ठिवशील.’’

‘‘आई, झिंग्यावरच तर तुझं सगळं आहे.’’

‘‘तुजे भुंगे जितले की जलपर्णी जानार. जलपर्णी गेली की झिंगा जानार. येवढं मला दोन वर्सांमागंच कळलं व्हतं. तरी म्या तुज्या भुंग्यांचा पहारा केला का न्हाय?’’ ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. ‘‘उलटा केला, ती गोष्ट येगळी.’’

तृप्तीला रडू फुटलं. ती उठून आईच्या पाठीला बिलगली, आणि छबूबाई ‘‘सोड, भाकरी करपंल,’’ म्हणाली, पण तिने तिला बाजूला केलं नाही. मग तृप्तीने दोन नावं लिहिली. छबूबाई श्रीपती पतुले, मुळं विंचरली म्हणून. तृप्ती श्रीपती पतुले, मुळं पाहिली नाहीत म्हणून.

पण अर्ज ही सोपी बाजू होती. देठांत आत्ता ज्या अळ्या होत्या, त्या येत्या दोन आठवड्यांत मुळांवर उतरणार होत्या. त्यांना तिथे राहू द्यायचं, तर साठ बायकांनी अठरा दिवस पाण्यात हात घालायचा नव्हता. आणि हा झिंग्याचा ऐन हंगाम होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छीमार सोसायटीच्या खोलीत बायका जमल्या. मागच्या भिंतीवर तृप्तीचा तो तक्ता होता. छबूबाईने उभं राहून काहीही न झाकता सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर बाहेरच्या कोंबड्यांचा आवाज आत आला आणि काही बायकांनी लाजून खाली बघितलं.

‘‘म्हंजी तुमा मायलेकींच्या चुकीपायी आमी घरात बसायचं?’’ गंगूकाकी कडाडली. वस्तीत छबूबाईच्या तोंडाला तोंड देणारी ती एकटीच. ‘‘तू म्हनलीस विंचरा, विंचरलं. आता म्हंतीस विंचरू नका. उद्या काय सांगशील?’’

‘‘उद्याचं उद्या सांगंन. आज फकस्त येवढं इच्यारते, देवीच्या पान्यात तुजी फणी कवा गेली का गं गंगे?’’

‘‘न्हाय. कशी जाईल?’’

‘‘तितल्या गाठी र्‍हायल्या. तितं जलपर्णी बुडाया लागलीया, पानी दिसाया लागलंय. देवीनं तिचं पानी राखलं, आमी आमचं राखलं न्हाय. म्हनून म्या सांगते, आजपास्नं चौदा तारखेपतुर समदं पानी देवीचं.’’

‘‘आन् देवीला इच्यारलंस?’’

‘‘इच्यारलं. ती म्हनली, आदी गंगीला इच्यार. ती हो म्हनली, की माजी ना न्हाय.’’

खोली खदाखदा हसली. गंगूकाकीने हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ते साधलं नाही. तिने कमरेची फणी काढली आणि छबूबाईच्या पायाशी आपटली. मग एकेक करत फण्या पडू लागल्या. तृप्तीने साठ मोजल्या. एकसष्टावी छबूबाईची होती.

ते अठरा दिवस तृप्ती जन्मात विसरणार नव्हती. पहाटेपासून पाण्यात राहायची सवय असलेल्या बायका काठावर नुसत्या बसून राहत. कुणी घरं सारवली, कुणी सारवलेली पुन्हा सारवली. सहाव्या दिवशी तृप्तीला तिच्या जुन्या जागेवर पहिली गाठ मिळाली, एकच. आठव्या दिवशी एका रोपाला पाच. दहाव्या दिवशी सकाळी गंगूकाकी टोपली घेऊन गुपचूप पाण्यात उतरलेली तिला दिसली. तृप्ती धावत निघाली, पण छबूबाईने तिचा दंड धरला. ‘‘थांब. बघू दे तिला.’’ गंगूकाकीने एक रोप उचललं, मुळं डोळ्यांपाशी नेली, बराच वेळ बघितलं आणि रोप जिथलं तिथे ठेवून ती रिकाम्या टोपलीने परत आली. दोघींना बघून म्हणाली, ‘‘आल्यात बाई. भरपूर आल्यात.’’ आणि जणू काही झालंच नाही अशी घरी गेली.

चौदा ऑक्टोबरला निवाड्याची बिनमाणसाची नाव आली. तिच्यावर एक लोखंडी हात आणि एक कॅमेरा, बस्स. सोबत सरकारतर्फे साक्षीदार म्हणून देसकर नावाचे एक अधिकारी होते. त्यांच्याकडे सही करण्यापलीकडे काही अधिकार नव्हता आणि ते बिचारे तसं सगळ्यांना सांगतही होते. सगळी वस्ती काठावर उभी होती. नाव एकेका जागी जाऊन रोप उचली, देठ चिरी, मुळं पसरी, आणि धक्क्यावरच्या पडद्यावर खूण उमटे.

पहिल्या तीन जागा नापास. वाऱ्याच्या तोंडाला तिथे सगळी कोवळी जलपर्णी लोटून आली होती. चौथी पास. मग सलग सहा पास. तेराव्या जागी लोखंडी हाताने रोप इतकं आडवंतिडवं ओढलं, की मुळंच तुटून पाण्यात गेली. ‘‘आरं, हळू की मुडद्या!’’ छबूबाई यंत्रावर खेकसली. ‘‘लेकराच्या डोक्यावनं हात फिरवावा तसं धरायचं असतंय त्ये!’’ देसकर घाबरून दोन पावलं मागे सरकले. ती जागा नापास झाली. सतराव्या जागेअखेर अकरा खुणा होत्या. अठरावी जागा रोपावर भुंगाच नाही म्हणून गेली. तृप्तीने आईचा हात धरला होता, तो घामाने निसटत होता. एकोणिसाव्या जागी कॅमेरा मुळांवर स्थिर झाला, हलला, पुन्हा स्थिर झाला. पडद्यावर त्या जागेची चौथी अवस्था उमटली, कोश, आणि बारावी खूण पुरी झाली. गाठीचं चित्र शेजारी झळकलं, तृप्तीने काढलेलं.

विसाव्या जागेचं काय झालं ते कुणी पाहिलंच नाही. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, गंगूकाकी देसकरांच्या हातावर गूळ ठेवत होती.

तृप्तीचा फोन वाजला. दोन संदेश होते. पहिला: ‘उत्तीर्ण. फवारणी रद्द.’ दुसरा: ‘छबूबाई श्रीपती पतुले यांचा झिंगा परवाना एक वर्षासाठी स्थगित. तृप्ती श्रीपती पतुले यांना लेखी समज.’ दोन्ही एकाच मिनिटाला आले होते.

‘‘वाच,’’ छबूबाई म्हणाली. तृप्तीने वाचला. ‘‘परत वाच. नाव नीट लिवलंय का?’’

‘‘पूर्ण लिहिलंय.’’

‘‘झ्याक.’’

ती वळली आणि घराकडे चालू लागली. तृप्तीला वाटलं, हिला आता एकटीला राहू द्यावं. पण छबूबाई लगेच बाहेर आली, आणि तिच्या खांद्यावर फेकजाळं होतं. श्रीपती गेल्यापासून नऊ वर्षं ते खुंटीवर टांगलेलं होतं, कडेच्या शिशाच्या मण्यांवर धूळ बसली होती. वस्तीत फेकजाळं बाप्यांचं, झिंगा बायकांचा, हे इतकं ठरलेलं, की कुणी कधी ते बोलूनही दाखवलं नव्हतं. एकच अपवाद होता. श्रीपतीने आपल्या एकुलत्या एका लेकीला हौसेने जाळं फेकायला शिकवलं होतं, आणि छबूबाईने त्यावरून त्याच्याशी महिनाभर अबोला धरला होता.

‘‘परवाना झिंग्याचा गेलाय. माशांचा तुज्या बाच्या नावानं घरावर हाय, त्यो न्हाय गेला,’’ ती म्हणाली. ‘‘पानी मोकळं झालं की मासं येत्याल. तवा शिकत बसू का? चल, दाव.’’

‘‘आई, तुझं वय...’’

‘‘दात हायेत अजून. जाळं दातात धरायचं असतंय न्हवं? दात पडल्यावर शिकवशील का?’’

धक्क्याजवळ अंगणाएवढं पाणी उघडं पडलं होतं. दोघी कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. तृप्तीने आईच्या डाव्या कोपरावर जाळ्याची घडी घातली, उजव्या हातात निम्मी कड दिली आणि शिशाचा एक मणी तिच्या दातांत दिला. ‘‘आता कमरेतून वळायचं, आणि जाळं सुटताना तोंड उघडायचं. विसरलीस तर दात जातील.’’

पहिल्या वेळी जाळं गाठोडं होऊन धपकन पडलं. काठावर सगळी वस्ती जमली होती, बाप्येसुद्धा. कुणीतरी हसलं आणि गंगूकाकीने त्याला असं काही सुनावलं, की पुन्हा कुणी हसलं नाही. दुसऱ्या वेळी ते तृप्तीच्याच डोक्यावर पडलं. छबूबाईने ते ओढून घेतलं, मुळं विंचरणाऱ्या त्याच बोटांनी गुंता सोडवला, स्वतःच घडी घातली आणि मणी दातांत धरला.

तिसऱ्या वेळी जाळं अर्धं उघडलं.

‘‘दिवस मावळायला आला, आई. उद्या टाकू,’’ तृप्ती म्हणाली.

छबूबाईने मानेनेच नाही म्हटलं. तिच्या दातांत पुन्हा मणी होता.